हयातीचा दाखला

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते बारा,
मी हसबनीस साहेबांचं आयुष्य टाइप करतो.
पानाला चाळीस रुपये.
खडकीहून बस, डेक्कनपासून चालत
प्रभात रोडची गल्ली, तिसरा मजला.
लिफ्टमध्ये पाटी आहे: फक्त चार माणसे.
साहेब एकटे असले तरी कोपऱ्यात उभे राहतात,
जणू उरलेल्या जागेत अजून एडीसी आहे.

अकरा वर्षं राज्यपाल, दोन राज्यांत.
मग सहा वर्षं राजदूत, एका बर्फाच्या देशात,
जिथे दुपारी तीनलाच दिवे लागत
आणि भेंडी मिळत नसे.
भेंडीचं ते दरवेळी सांगतात.

"लिहा," ते म्हणतात, "माझ्या शासनाने त्या वर्षी
साडेतीनशे गावांना नळाचं पाणी दिलं."
मी थांबतो. साहेब, माझ्या?
ते चष्मा पुसतात.
"अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी वाचायचो ना मी.
माझे शासन, माझे शासन.
एक ओळ माझी नसायची.
समोरच्या बाकांवरून कागदाचे बोळे यायचे,
ते मात्र मलाच लागायचे."

परदेशात वाक्य तेच राहिलं, क्रियापद मऊ झालं.
माझ्या सरकारला चिंता वाटते.
माझ्या सरकारला आनंद वाटतो.
चिंता आणि आनंद, दोन्ही दिल्लीहून यायचे
सांकेतिक भाषेत, रात्री उशिरा.
"मला काय वाटतं, हे सतरा वर्षं कुणी विचारलं नाही.
आणि खरं सांगू का, सोय होती ती."
हे घेऊ का, साहेब?
"नको. पुढचा परिच्छेद."

पुढच्या परिच्छेदात एक दयेचा अर्ज आहे.
तीनदा आलाय, तीनदा अर्ध्यावरून परत गेलाय.
आईने केलेला, शाळेच्या वहीच्या पानावर.
मुलाचं नाव साहेबांना पाठ आहे, बापाच्या नावासकट.
मंत्रिमंडळाचा सल्ला होता.
सल्ला बांधील असतो.
सही हिरव्या शाईत.
एवढं सांगून ते खिडकीशी जातात
आणि लॉ कॉलेजच्या टेकडीवरच्या मोराबद्दल बोलू लागतात.
माझी पेन्सिल मोरही लघुलिपीत टिपते.
सवय. घरी जाऊन खोडतो.

नोव्हेंबरात त्यांना कर्वे रोडच्या बँकेत नेलं,
पेन्शनसाठी, हयातीचा दाखला द्यायला.
टोकन बावीस. पंखा बंद.
खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, अंगठा ठेवा."
ठेवला. यंत्र लाल.
रुमालाला पुसून ठेवला. लाल.
मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात.
"रेषाच गेल्यात हो," ती म्हणाली,
"हातांनी फार कामं केलेली दिसतात."
मागे दारूगोळा कारखान्यातले एक फिटर होते, निवृत्त.
त्यांनी आपला अंगठा वर करून दाखवला, भावकीतल्यासारखा:
"माझाबी घेत नाय."

साहेब आपल्या पंजाकडे पाहत राहिले.
या हाताने काय केलं?
सह्या, आणि हस्तांदोलनं.

"मग कुणीतरी लिहून द्या," मुलगी म्हणाली,
"की हे जिवंत आहेत. ओळखीचा खातेदार चालेल."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
टेबलाच्या त्या बाजूने
अर्ज असाच दिसत असेल.

मी प्रमाणित करतो की, एवढं छापलेलंच होतं.
मी नाव घातलं, पत्ता घातला, सही केली.
पेन साहेबांचं.
मुलीने फॉर्म परत सरकवला:
"हिरवी नाही चालत, काका. निळी हवी."
फिटरनी खिशातलं बॉलपेन दिलं.

शुक्रवारी ते माझ्याआधीच खुर्चीत बसले होते.
"लिहा," म्हणाले. "मला..."
मी लिहिलं.
खाली दूधवाल्याशी कुणीतरी सुट्या पैशांवरून वाद घालत होतं,
तो वाद मिटला.
अकरा वाजले. चहा आला, गार झाला.
मोर ओरडला, त्याकडेही ते वळले नाहीत.
पुढचा परिच्छेद, असं म्हणालेच नाहीत.

बाराला मी कागद काढून घेतला.
त्यांनी पाकीट उघडलं
आणि पूर्ण पानाचे पैसे दिले.